जागा तीच, अक्षर दुसरं

रसग्रहण कवितेचं करतात, क्वचित एखाद्या कथेचं. मी इथे एका शोधनिबंधाचं करणार आहे. तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतून आला. लेखकांत सारा चेरियन, वर्षा पोतदार, प्रज्ञा यादव, प्रिया अब्राहम अशी नावं आहेत आणि शीर्षकात महाराष्ट्र आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्या राज्यात फिरणाऱ्या विषाणूच्या काटेरी प्रथिनात, म्हणजे स्पाइकमध्ये, काय बदललं होतं, हा त्याचा विषय. पानं मोजकी, भाषा कोरडी. पण तो मी जितक्यांदा वाचला तितका मला तो अधिक भरलेला वाटला, आणि माझ्या शिरूर-दौंडच्या माणसांनीही तो वाचावा, निदान त्यात काय आहे ते त्यांना कळावं, असं मनापासून वाटतं.

कारण त्या दोन वर्षांचा अनुभव आपल्या गाठीशी आहे, त्याचा मजकूर मात्र आपण पाहिलेला नाही. एप्रिल-मे २०२० मध्ये मुंबईचा बंदोबस्त करून दौंडला परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांना लागण झाली, तेव्हा सगळ्या शहरानं श्वास रोखून धरला होता. वर्षभरानं, एप्रिल २०२१ मध्ये, राज्यात दिवसाला ६० हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडू लागले. दौंडकरांनी आणि घोडनदीच्या लोकांनी ऑक्सिजनच्या खाटेसाठी पुणे-नगरच्या दिशेनं गाड्या काढल्या, तो आजार नावानं तोच होता. विषाणू मात्र अक्षरशः तोच राहिला नव्हता. किती अक्षरांनी बदलला होता, आणि त्या अक्षरांनी काय साधलं, हे या निबंधात आहे.

सुरुवात शीर्षकापासूनच करावी लागते, कारण या निबंधाला दोन शीर्षकं आहेत. एप्रिल २०२१ मध्ये मसुदा खुला झाला तेव्हा शीर्षकाच्या आरंभीच 'अभिसारी उत्क्रांती' या अर्थाचे शब्द होते आणि पुढे तीन बदलांची नावं : एल४५२आर, ई४८४क्यू, पी६८१आर. जुलैमध्ये तो 'मायक्रोऑर्गॅनिझम्स' या नियतकालिकात छापून आला तेव्हा पहिले शब्द गळाले होते आणि तिनाची चार नावं झाली होती. मध्ये टी४७८के येऊन बसलं होतं. कवीनं दुसऱ्या आवृत्तीत एक शब्द काढला आणि एक घातला, तर समीक्षक त्यावर पानं लिहितात. इथे तर त्या तीन महिन्यांत साथीनंच वळण घेतलं होतं, आणि शीर्षकाला तिच्यामागून जावं लागलं.

आधी ही नावं वाचायला शिकू. स्पाइक हे प्रथिन १,२७३ अमिनो आम्लांची एक माळ आहे. प्रत्येक अमिनो आम्लाला एक अक्षर ठरलेलं आहे. एल म्हणजे ल्युसिन, आर म्हणजे आर्जिनिन. एल४५२आर याचा अर्थ, ४५२ व्या जागी पूर्वी ल्युसिन होतं, आता आर्जिनिन आहे. पहिलं अक्षर भूतकाळ, शेवटचं अक्षर वर्तमान, मधला आकडा पत्ता. इतक्या थोडक्यात घडलेली गोष्ट सांगणारी दुसरी लेखनपद्धती मला माहीत नाही. आणि ही गोष्ट घडायला लागतं काय? विषाणूच्या जनुकीय मजकुरात सुमारे ३० हजार अक्षरं आहेत, नेमकं सांगायचं तर मूळ नमुन्यात २९,९०३. त्यातल्या २३,०१२ व्या जागी 'जी'च्या ऐवजी 'सी' पडलं की ई४८४क्यू तयार. एक अक्षर. बाकी सगळं जागच्या जागी.

या ४८४ पाशी थांबायला हवं, कारण निबंधातली सर्वांत सुंदर जागा ती आहे. ई म्हणजे ग्लुटामिक आम्ल, क्यू म्हणजे ग्लुटामिन. दोघांचा आकार जवळजवळ सारखा. समोरासमोर ठेवली तर जुळी भावंडं वाटावीत. फरक एवढाच की पहिल्याच्या टोकाला ऋण विद्युतभार आहे, दुसऱ्याच्या टोकाला तो नाही. आता प्रतिपिंडाच्या, म्हणजे अँटिबॉडीच्या, बाजूनं पाहा. आपल्या शरीरात जुन्या संसर्गानंतर किंवा लशीनंतर जी प्रतिपिंडं तयार होतात त्यांतली बरीच स्पाइकच्या याच टोकाला धरतात, कारण याच टोकानं विषाणू आपल्या पेशीवरच्या एसीई२ या ग्राहकाला चिकटतो. ते टोक झाकलं की विषाणूचा प्रवेश अडला. अशा काही प्रतिपिंडांची पकड ४८४ च्या त्या ऋणभारावर उभी असते. त्यांच्याकडे समोर धनभार असतो आणि दोघांची ओढ पकड घट्ट करते. ऋणभार गेला की हात पोचतो पण मूठ आवळत नाही. निबंधातल्या संगणकीय प्रतिमानांत हेच पाहिलं आहे : एक अमिनो आम्ल बदलून पुन्हा मांडणी केली, तर निवडक प्रतिपिंडांशी असलेले कोणते बंध तुटतात.

४५२ ची गोष्ट जरा वेगळी. तिथलं मूळ ल्युसिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून अंग चोरणारं. प्रतिपिंडाच्या तशाच तेलकट भागाशी त्याचं जुळत असे. त्याच्या जागी आलं आर्जिनिन, लांबलचक आणि धनभारित. प्रतिपिंडाशी असलेला मेळ बिघडला. आणि हाच बदल एसीई२ शी जवळीक वाढवू शकतो, असंही निबंध सुचवतो. म्हणजे एकाच अक्षरानं दोन कामं : ओळखणाऱ्याचा हात सैल, दाराची पकड घट्ट. पी६८१आर स्पाइकच्या अगदी दुसऱ्या भागात आहे. तिथे आपल्याच पेशीतलं फ्युरिन नावाचं विकर स्पाइकचे दोन तुकडे करतं आणि विषाणूला आत शिरायला सज्ज करतं. त्या जागेच्या शेजारी आणखी एक धनभार आला की हे कापणं सोपं होतं. प्रतिपिंडांना चुकवण्याशी याचा थेट संबंध नाही. हे लक्षात ठेवावं, पुढे उपयोगी पडेल.

त्या वसंतात गावोगाव ऐकू येणारं वाक्य होतं, 'विषाणू हुशार झालाय.' निबंधात असं एकही वाक्य नाही. विषाणू काही ठरवतो, शोधतो, फसवतो अशी क्रियापदं त्यात मला कुठे दिसली नाहीत, आणि माझ्या लेखी हा त्याचा मोठा गुण आहे. घडतं ते असं : विषाणू आपल्या मजकुराच्या प्रती काढताना चुकतो. करोना विषाणूकडे चुका दुरुस्त करणारं एक विकर आहे, म्हणून तो फ्लूच्या विषाणूइतका चुकत नाही, तरी एका शाखेत महिन्याला साधारण दोन बदल साचत जातात. बहुतेक निरुपयोगी, कित्येक घातक, ते तिथेच संपतात. पण ज्या लोकसंख्येत अनेकांच्या रक्तात पहिल्या लाटेची प्रतिपिंडं आहेत तिथे एखादी चूक त्या प्रतिपिंडांची पकड सैल करत असेल, तर ती प्रत टिकते, पुढे जाते, बहुसंख्य होते. शिरूर-दौंडच्या कांदा उत्पादकाला हे वेगळं समजवायला नको. फुलकिड्यांवर एकच औषध हंगामामागून हंगाम मारलं की ते लागू पडेनासं होतं. किडा शिकलेला नसतो. जे औषधाला मेले नाहीत त्यांचीच पिलावळ शेतात उरलेली असते.

आता तो गळालेला शब्द. अभिसारी उत्क्रांती म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या शाखांत, वेगवेगळ्या देशांत, तोच बदल किंवा त्याच जागेवरचा बदल स्वतंत्रपणे उगवणं. एप्रिलच्या मसुद्याला याचं नवल वाटलं होतं आणि ते रास्त होतं. एल४५२आर त्याआधी कॅलिफोर्नियातल्या एका शाखेत दिसला होता. ४८४ व्या जागी दक्षिण आफ्रिका आणि ब्राझीलमधल्या प्रकारांत ई च्या ऐवजी के आलं होतं, म्हणजे ऋणभार नुसता गेला नव्हता, उलटा झाला होता. ६८१ व्या जागी ब्रिटनमधल्या प्रकारात एच होतं. चार खंड, चार शाखा, आणि बदल त्याच मोजक्या पत्त्यांवर. हजारभर जागांच्या माळेत हे योगायोगानं होत नाही. कुठे बोट ठेवलं तर प्रतिपिंडं सैल पडतात आणि तरी विषाणू जगतो, अशा जागा थोड्या आहेत. जगभरची माणसं साधारण सारखीच प्रतिपिंडं बनवतात, म्हणून जगभर दाब त्याच जागांवर येतो.

छापील आवृत्तीत शीर्षकातून हा शब्द गेला, तरी त्या जागा दुसऱ्या वंशांतही नोंदल्या गेल्याचं निबंधात सांगितलेलं राहिलं. पुढे काय झालं ते पाहिल्यावर मला तो शब्द शीर्षकात असायला हवा होता असं वाटतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन आला. स्पाइकमध्ये तिसाहून अधिक बदल, आणि त्यांत ४७८ व्या जागी पुन्हा के, ४८४ व्या जागी ए, ६८१ व्या जागी एच. २०२२ मध्ये त्याच्याच बीए.४ आणि बीए.५ या पोटशाखा आल्या तेव्हा एल४५२आर परतला होता. २०२३ मधल्या बीए.२.८६ मध्ये ४५२ आणि ४८४ दोन्ही जागा पुन्हा बदललेल्या. यांतला कुणीही महाराष्ट्रातल्या त्या विषाणूचा थेट वंशज नव्हता. मसुद्यानं ज्या पत्त्यांवर बोट ठेवलं होतं, त्या पत्त्यांवर पुढची दोन वर्षं टपाल येत राहिलं.

या निबंधाची शैली म्हणजे त्याचा संयम. संरचनेबद्दल बोलताना जवळजवळ प्रत्येक निष्कर्षाला 'कदाचित', 'शक्यता आहे', 'होऊ शकेल' अशी जोड आहे. पकड वाढू शकते. निष्प्रभ करण्याची क्षमता घटू शकते. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांत पडताळा हवा. ज्या महिन्यात लोक एका ठाम वाक्यासाठी आसुसले होते, त्या महिन्यात हे लिहिलं गेलं आहे, हे विसरून ते वाचू नये. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर सापडल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवसापासून 'डबल म्युटंट' हे नाव घरोघरी गेलं. त्या नावात भीती होती, माहिती फार थोडी. बदल दोनच नव्हते. निबंध त्या भीतीला खतपाणी घालत नाही आणि तिला खोटंही म्हणत नाही.

ही सवय संस्थेला जुनी असावी. २०१५ मध्ये देशात स्वाइन फ्लूनं जोर धरला असताना मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी भारतातल्या विषाणूत धोकादायक बदल झाल्याचा इशारा दिला. आधार होता सार्वजनिक संग्रहातल्या दोन भारतीय नमुन्यांचा. पुण्याच्या संस्थेनं आपल्याकडचे नमुने पाहून सांगितलं, विषाणू २००९ च्याच जातकुळीचा आहे. मोजून बोलायची ही रीत मला आवडते.

म्हणूनच निबंधाच्या सारांशातलं एक वाक्य मला खटकतं. दुसऱ्या लाटेला हे नवे प्रकारच कारणीभूत ठरले, असा त्याचा सूर आहे. बाकी सगळीकडे तोलून बोलणारा हा लेख इथे एकदम ठाम होतो. नव्या प्रकारांचं प्रमाण लाटेबरोबर वाढलं, हे नमुन्यांवरून दिसतं. पण त्या हिवाळ्यात लग्नं होती, ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या, बाजार भरत होते, मास्क हनुवटीवर आले होते. विषाणूचं अक्षर आणि माणसांची गर्दी यांतला वाटा किती कुणाचा, हे जनुकीय क्रमवारी एकटी सांगू शकत नाही. ज्यांनी इतक्या काळजीनं 'कदाचित' लिहिलं, त्यांनी इथेही तो लिहायला हवा होता.

आता टी४७८के, म्हणजे शीर्षकात उशिरा आलेलं चौथं नाव. एप्रिलच्या मसुद्याचा नायक ई४८४क्यू होता. प्रतिपिंडांना चुकवणारा म्हणून सगळ्यांची नजर त्याच्यावर. पण महाराष्ट्रात सापडलेल्या या विषाणूच्या शाखेची, बी.१.६१७ ची, पुढे पोटशाखांत विभागणी झाली. पहिली, ४८४ चा बदल असलेली, तिला जागतिक आरोग्य संघटनेनं मेअखेर कप्पा हे नाव दिलं. दुसरीत ४८४ चा बदल नव्हता. तिच्याकडे एल४५२आर, पी६८१आर आणि हा टी४७८के होता. ती डेल्टा. आणि जग व्यापलं ते डेल्टानं, कप्पा मागे पडली. माझ्या मते दोन शीर्षकांमधली ही दरी हाच या निबंधाचा खरा आशय आहे, जरी तो कुठल्याही एका परिच्छेदात लिहिलेला नाही. प्रतिकारशक्तीला चुकवण्यात जो अधिक पटाईत दिसत होता तो हरला. जो थोडा चुकवत होता पण पेशीत झपाट्यानं शिरत होता, झपाट्यानं वाढत होता, तो जिंकला. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला ६८१ इथे कामाला आला. सुटून जाणं हे विषाणूच्या यशाचं एक अंग आहे. ज्याला पुढचा माणूस लवकर गाठता येतो त्याला फार सुटावंही लागत नाही.

तरीही डेल्टा काही प्रमाणात सुटत होताच, आणि त्याचे आकडे ब्रिटनमधून आले. कोव्हिशिल्ड जिची भारतीय आवृत्ती, त्या लशीचे दोन डोस आधीच्या अल्फा प्रकारातल्या लक्षणांच्या आजारापासून ७४.५ टक्के संरक्षण देत होते, डेल्टापासून ६७ टक्के. घसरण मामुली. पण लशीचा एकच डोस झालेल्यांत हेच संरक्षण ४८.७ वरून ३० टक्क्यांवर आलं. याचा अर्थ समजून घ्यावा : प्रतिपिंडं भरपूर असली तर थोडी निसटली तरी उरलेली पुरतात, मुळातच थोडी असली की प्रत्येक निसटणं भारी पडतं. आपल्याकडे १३ मे २०२१ रोजी कोव्हिशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं गेलं होतं, म्हणजे डेल्टाच्या ऐन भरात असंख्य माणसं एका डोसावर होती. लस अपुरी होती, आणि एका डोसानं अधिक लोकांना गाठायचं या विचारामागे तर्क होता, हे मला मान्य आहे. पण त्या मधल्या आठवड्यांची किंमत कुणाकुणाला मोजावी लागली असेल, हा विचार मनातून जात नाही.

निबंधात एक गोष्ट नाही, आणि ती वाचकानं बाहेरून आणावी लागते. तो प्रतिपिंडांपुरताच बोलतो. आपल्या शरीरात टी पेशी नावाची दुसरी फळी आहे. ती स्पाइकचा आकार पाहत नाही. लागण झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावर मांडलेले विषाणूच्या प्रथिनांचे छोटे तुकडे ती वाचते, आणि हे तुकडे विषाणूच्या सगळ्या अंगातून आलेले असतात. दोन-चार पत्ते बदलून तिला चुकवणं कठीण. शिवाय प्रत्येक माणूस वेगळे तुकडे मांडतो, त्यामुळे एकात निसटलेला विषाणू दुसऱ्यात पकडला जातो. लस घेतलेल्यांनाही डेल्टाची लागण झाली, पण बहुतेकांचा आजार फुप्फुसात खोल उतरला नाही, यात या फळीचा मोठा वाटा असावा.

वर्षा पोतदार यांचा मूळ विषय इन्फ्लुएन्झा, आणि निबंधामागे संस्थेतल्या राष्ट्रीय इन्फ्लुएन्झा केंद्राचं पथक आहे. म्हणजे करोनाचा मजकूर वाचणारे डोळे फ्लूवर तयार झालेले होते. त्यांतला काही सराव शिरूर तालुक्यात झाला आहे. वढू बुद्रुकला केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचं काम आहे. शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांची जन्म-मृत्यू-स्थलांतराची नोंद तिथे वर्षानुवर्षं ठेवली जाते. रोटाव्हॅक या भारतीय रोटाव्हायरस लशीची मोठी चाचणी देशात तीन ठिकाणी झाली, त्यांतलं एक हे. आणि २००९ ची स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा या भागातल्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांचे स्वॅब पुण्याच्या संस्थेत तपासून, ग्रामीण भागात फ्लूचा भार नेमका किती, हे शोधलं गेलं. मनदीप चढ्ढा, सिद्धिविनायक हिरवे आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २०१३ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आला.

फ्लूची सुटण्याची रीत करोनापेक्षा पोक्त आहे. २००९ च्या विषाणूसाठी लशीत कॅलिफोर्निया नावाचा नमुना होता आणि तो कितीतरी वर्षं पुरला. मग विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनात १६२ व्या जागी एस च्या ऐवजी एन आलं. या एका बदलानं तिथे शर्करेची साखळी बसायला जागा झाली, आणि प्रतिपिंडं जिथे धरत तो भाग त्या साखळीआड गेला. ४८४ वर विषाणूनं भार सोडून दिला होता. इथे त्यानं पांघरूण घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ च्या दक्षिण गोलार्धातल्या लशीपासून कॅलिफोर्नियाच्या जागी मिशिगन नमुना घेतला. त्याच वर्षी महाराष्ट्रात स्वाइन फ्लू पुन्हा उसळला, आणि पुण्याच्या तपासणीत मिशिगन प्रकार सापडला.

म्हणून फ्लूच्या लशीत काय घालायचं हे दर वर्षी दोनदा ठरतं : उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत, दक्षिणेसाठी सप्टेंबरात. आपण उत्तर गोलार्धात आहोत, पण पुण्याच्या बाजूचा फ्लू पावसाळ्यात चढतो. चढ्ढा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या शहरांचे नमुने पाहून हे मांडलं, आणि श्रीनगरसारखा उत्तरेकडचा भाग सोडला तर लस एप्रिल-मे मध्ये द्यावी असं सुचवलं. शिरूर-दौंडला पाऊस कमी पडतो, पण फ्लू त्याच पावसाळी महिन्यांत येतो. घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल, दमा किंवा मधुमेह असेल, कुणी गरोदर असेल, तर त्या वर्षीची लस मेअखेरपर्यंत मिळेल का हे डॉक्टरांना उन्हाळ्यातच विचारावं.